मतासाठी भरलेली ओटी

मत मागायला कोणी आलं तर मी दारातूनच बोलते. हात जोडते, "बघू" म्हणते आणि आत वळते. ही हुशारी आत्ताची. त्या वर्षी ते मत मागायला आलेच नाहीत, माझी ओटी भरायला आले. आणि ओटी भरायला आलेल्या सवाष्णीला "बघू" म्हणायची रीत कुठल्या गावात आहे? मी पदर पसरला. गल्लीतल्या सगळ्याच बायकांनी पसरला. आमच्या त्या पसरलेल्या पदरांत त्यांनी काय टाकलं, याचा राग इतकी वर्षं झाली तरी माझ्या मनातून जात नाही.

मी बिलोलीच्या पलीकडची, आंध्राच्या शिवेवरची. सातवी झाली आणि माझी शाळा सुटली. सुटली म्हणजे घरच्यांनी सोडवली. आठवीला बिलोलीला जावं लागत होतं, आणि रोज एसटीनं पोर पाठवायचं कोणाच्या मनात नव्हतं. पुढं दोनेक वर्षांत लग्न झालं आणि मी अहमदपूर तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात आले. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. यातली बरीच माणसं अजून आहेत, सणावाराला त्यांच्या घरी माझं जाणं आहे. माहेर लांब. एसटी दोनदा बदलावी लागे, आणि दुसरी गाडी चुकली की माणूस स्टँडवरच अडकायचं. त्यामुळं माहेरचं कोणी वर्षातून एकदा दिसलं तरी मी खूश असे. घाईगर्दीत माझ्या तोंडून एखादा तेलुगू शब्द जाई, की शेजारची शिंपीण टाळी वाजवून ओरडे, "आली गं तेलंगी बोलीवर!"

आमचे हे आडत बाजारात मापाडी. पोत्यांची मापं दिवसभर ओरडून मोजून घसा बसलेला माणूस, घरी फार बोलत नसे.

आता बंगल्याचं सांगते. गावाच्या वेशीवर एक बंगला होता, तिथं राहणाऱ्यांना सगळे दादा म्हणत. आमच्या भागात कित्येक वर्षं एकाच पक्षाचं राज्य होतं आणि दादा त्या पक्षाचे गावातले पुढारी. स्वतः कधी उभे राहिले नाहीत, पण जो उभा राही तो आधी त्यांच्या बंगल्यावर चहाला येई. त्यांच्या मंडळींना आम्ही वहिनीसाहेब म्हणायचो.

माझ्या पहिल्या बाळंतपणात मी अडले होते. सुईण हात टेकून बसली. ओढ्याला पूर आलेला, एसटी बंद. यांनी धावत जाऊन बंगल्याचं दार वाजवलं. वहिनीसाहेब स्वतः जीपमध्ये बसल्या, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "पाण्यातून घाल. जे व्हायचं ते होऊ दे." जीप ओढ्यातून निघाली. लातूरच्या दवाखान्यात माझा मुलगा झाला. तो जगला, मी जगले. हे मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. पुढं मी जे लिहिणार आहे, ते वाचताना वाचणाऱ्यानंही हे विसरू नये.

त्यानंतर काही दिवसांनी लातूर जिल्हा झाला. आज कोणाला त्याचं काही वाटणार नाही, पण आम्हाला वाटलं होतं. तोवर आमचा जिल्हा उस्मानाबाद. माझ्या सासऱ्यांना शेताचा एक कागद काढायला जावं लागे, तर भाकरी बांधून मुक्कामाच्या तयारीनंच निघत. साहेब रजेवर असला की पुन्हा तीच वारी. जिल्हा लातूरला आला त्या दिवशी दादांनी गावात पेढे वाटले, आणि आम्ही ते मनापासून खाल्ले. सासरे म्हणाले, "आता सकाळी जाऊन सांजच्याला घरी."

पण त्याच्या पाठोपाठ पाऊस गेला. एक वर्ष ओढलं, दुसऱ्या वर्षी तर ज्वारी गुडघ्याएवढी होऊनच करपली. आमच्या गल्लीत एक आड होता, त्याच्या तळाला गाळ दिसायला लागला. मग टँकर सुरू झाले. टँकर यायचा, आडात रिकामा व्हायचा, आणि त्या गढूळ पाण्यावर सगळ्यांचे पोहरे एकदम पडायचे. ज्याच्या पोहऱ्याला जे लागेल ते त्याचं. टँकर कधी येईल याचा काही नेम नव्हता. रोजगार हमीवर खडी फोडून आलेल्या आम्ही बायका डोक्यावरची पाटी न उतरवता आडापाशी वाट बघत बसायचो.

"जिल्हा जवळ आला अन् पाणी लांब गेलं," असं गल्लीतली अव्वा म्हणायची.

अव्वा म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान चालवणारी लिंगायताची म्हातारी. कपाळभर विभूती, गळ्यात लिंग, आणि तोंडाला कुलूप म्हणून नाही. नवरा जाऊन खूप वर्षं झालेली. दुकान तिनंच चालवलं, पोरं तिनंच मोठी केली. तिच्या ओट्यावर बसल्याशिवाय गल्लीत कोणाचा दिवस सरत नसे.

त्या दुसऱ्या कोरड्या वर्षी इलेक्शन लागलं. संक्रांत झाली होती, हळदीकुंकवाचे दिवस होते. बंगल्यावरून बाई घरोघर सांगून गेली, महादेवाच्या देवळात वहिनीसाहेबांचं हळदीकुंकू आहे, सगळ्यांनी यायचं. सगळ्यांनी म्हणजे आमच्या गल्लीनं. खालच्या आळीतल्या मुसलमान बायकांना निरोप गेला नाही. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हळदीकुंकूच ते.

देवळाच्या ओसरीत जाजम अंथरलं होतं. वाण म्हणून प्रत्येकीला प्लास्टिकचा एकेक मग दिला, पाणी घ्यायचा. शिंपीण माझ्या कानाशी म्हणाली, "मग दिला. आता ह्यात वतायला काय देतेत बघू." आम्ही दोघी पदर तोंडाला लावून हसलो.

मग ओटी भरायला सुरुवात झाली. तांदूळ, खण, हळकुंड, सुपारी आणि नारळ. त्या दिवसांत नारळ! एकेकीच्या पदरात तो पडला की ओसरीत कुजबुज होई. वहिनीसाहेब माझ्यापुढं आल्या, वाकल्या, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "तुझं माहेर लांब हाय. आजपासून बंगला तुझं माहेर समज."

मला रडू आलं. खरंच आलं. लग्न झाल्यापासून माझी ओटी इतक्या मायेनं कोणी भरली नव्हती. माझा पदर भरलेला, डोळे भरलेले, आणि तेवढ्यात खांबाला टेकून उभा असलेला बंगल्यावरचा कार्यकर्ता पुढं आला. तरणाताठा माणूस, कडक कपडे, हातात मतपत्रिकेचा नमुना.

"बायांनो," तो म्हणाला, "वहिनीसाहेबांनी ओटी भरलीय. ओटीची लाज राखायची. शिक्का कुठं मारायचा ते सांगायला नको. महादेवासमोर बसलाव, ध्यानात असू द्या."

एकीचाही पदर सैल झाला नाही, कारण भरलेली ओटी सांडायची नसते. आम्ही तशाच, ओंजळ धरल्यासारख्या बसलो. आणि वहिनीसाहेब माझ्याकडं बघून हसल्या.

"हिला तर काहीच सांगायला नको. काय गं, जीप आठवतीय न्हवं?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. माझे कान तापले. मी मान हलवली. दुसरं काय करणार? त्या जीपची आठवण मला कोणी करून द्यायची गरज नव्हती. माझा मुलगा अंगणात खेळताना दिसला की मला ती रोज येई. पण आत्ता, एवढ्या बायकांत, मतपत्रिकेच्या शेजारी ठेवून ती मला दाखवली गेली. माझ्या जिवावरचा प्रसंग त्यांनी मताच्या कामाला लावला, आणि मला वाटलं, मांडीवर घेतलेलं माझं डोकं कोणीतरी उचलून खाली ठेवलं.

आणि अव्वा? अव्वा भिंतीला टेकून बसली होती. ताट तिच्यापर्यंत आलं आणि वळलं. "अव्वा, तुम्ही बसा, चहा घ्या," म्हणाली ताट धरणारी. रीतच तशी. विधवेची ओटी भरत नाहीत. चहा तिनं घेतला, बशीत ओतून आवाज करत प्याली, आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी आडापाशी आम्ही बसलो होतो. टँकरचा पत्ता नव्हता. अव्वा तिच्या घागरीवर हात ठेवून हसायला लागली.

"काय झालं, अव्वा?" शिंपिणीनं विचारलं.

"माझी ओटी भरली न्हाई," अव्वा म्हणाली. "मी मोकळी. तुम्ही समद्या गाठीत अडकलाव. त्या शहाण्याला एवढं बी कळलं न्हाई की पांढऱ्या कपाळाला बी मत असतंय!"

बायका हसल्या. मी मात्र हसले नाही.

"अव्वा," मी म्हटलं, "महादेवासमोर भरलीय. मोडली तर?"

"तर काय?"

"माझ्या पोरावर येईल."

अव्वाचं हसू थांबलं. तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "अय्यो शिवा," ती म्हणाली. "अगं, महादेव का त्यांच्या पक्षाचा हाय?"

हे ऐकायला बरं वाटलं, पण माझ्या जिवाला चैन पडेना. मी मुळातच घाबरट. मुलाला नुसती शिंक आली तरी मला देवळातली ओसरी दिसे. त्याच मुलासाठी ती जीप ओढ्यात शिरली होती. त्याच घरच्या बाईनं ओटी भरली होती. आता मी शिक्का दुसरीकडं मारला आणि त्याला काही झालं, तर मी कोणाला तोंड दाखवणार? आणि शिक्का त्यांनी सांगितला तिथं मारला, तर मी कोण? सातवीपर्यंत शिकलेली, मतपत्रिका वाचता येणारी बाई, की पदरात पडेल ते घेऊन चालणारी?

जेवताना यांना विचारलं. यांनी भाकरीवरून डोळे उचलले नाहीत.

"त्यात इचार काय करायलीस? मारायचा शिक्का अन् यायचं."

"कुठं मारायचा?"

"कुठं म्हंजे? बाजारात समदे त्यांचेच हायत. उद्या माझ्या मापात खोट काढली कुणी, तर तू येणार हाईस का बोलायला?"

"मत गुप्त असतंय."

"लई शाळा शिकलीस," हे म्हणाले. मग आवाज उतरवून, "दुसरे तरी येऊन काय दिवे लावणार हायत? तो वकील काल आला होता बाजारात. पाण्याचं इचारलं तर म्हणतो, निवडून द्या, मग बघू. ह्यांच्यात अन् त्याच्यात फरक काय?"

हेही खरं होतं. समोरचा उमेदवार तालुक्यातला एक वकील. कधीकाळी त्याच पक्षातून फुटलेला. आमच्या गल्लीत तो पायी आला, घाम पुसत अव्वाच्या ओट्यावर बसला आणि पाणी मागितलं. अव्वा म्हणाली, "त्येच मागायला आम्ही तुमच्याकडं येणार होतो." बिचारा कोरडाच उठून गेला. त्याच्यावर माझा जीव होता असं काही नाही.

मी रात्रंदिवस मनात हिशोब मांडत होते. लाइट आली ती दादांच्या पक्षाच्याच काळात. सडक झाली ती त्यांच्याच काळात. जिल्हा लातूरला आला, सासऱ्यांची पायपीट वाचली. माझी जीप. हे सगळं एका पारड्यात टाकलं की ते खाली जाई. मग दुसऱ्या पारड्यात मी आड ठेवी. इतकी वर्षं राज्य करून माझ्या गल्लीतल्या आडाला पाणी नसेल, आणि टँकर सोडायचा की नाही हे बंगल्यावरच्या माणसाच्या मर्जीवर असेल, तर मी उपकार कशाचे मानायचे? सडकेचे? सडक माझ्या डोक्यावरच्या खडीची झाली. मला राग येई, मग रागाचीच भीती वाटे, मग मुलाच्या कपाळाला हात लावून बघे.

असं चालू असताना टँकर आला. इलेक्शन जवळ आल्यापासून तो नेमानं यायला लागला होता, हेही लिहून ठेवते. इतके दिवस नेमानं येणं त्यांना का जमत नव्हतं, हे त्यांनीच सांगावं. टँकरबरोबर तो कार्यकर्ता होता. एरवी पाणी आडात पडे. त्या दिवशी म्हणाला, "आडात वतायचं न्हाई, वाया जातंय. नळीनं घागरी भरून देऊ. रांग करा."

आम्हाला बरंच वाटलं. गढूळ पाण्यापेक्षा नळीचं स्वच्छ. खालच्या आळीतल्या बायकाही घागरी घेऊन आल्या, त्यांचीही विहीर आटलेली. रांग लागली. अव्वा सगळ्यांच्या आधी येऊन बसलेली, म्हणून पहिली.

कार्यकर्ता नळी हातात धरून रांगेकडं बघत राहिला. मग म्हणाला, "असं न्हाई. ज्यांच्या ओट्या भरल्यात त्या पुढं या. बाकीच्या मागं."

मला आधी वाटलं, मस्करी करतोय. मस्करी नव्हती. त्यानं अव्वाची घागर पायानं जराशी बाजूला सरकवली. माझा हात धरून नाही, पण डोळ्यांनी खूण करून मला पुढं बोलावलं, "या, जीपवाल्या वहिनी." आमच्या गल्लीतल्या बायका एकमेकींकडं बघत, खाली मान घालत पुढं सरकल्या. तहान माणसाला सरकवते. मागं राहिल्या त्या अव्वा, दोन-तीन विधवा, घरात सुतक म्हणून हळदीकुंकवाला न आलेली एक सून, आणि खालच्या आळीतल्या सगळ्या मुसलमान बायका, ज्यांना कोणी बोलावलंच नव्हतं.

अव्वानं कमरेवर हात ठेवले. तिचा आवाज सगळ्या गल्लीत गेला.

"का रं लेकरा, पाणी बी सवाष्ण झालं का?"

कोणीतरी फस्सकन हसलं. कार्यकर्त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "अव्वा, तुम्ही मोठ्या हाव म्हणून ऐकून घेतो," म्हणाला.

"ऐकून कशाला घेतूस? पाणी दे."

त्यानं नळी पुढच्या घागरीत घातली. माझी घागर भरली. मी उचलून बाजूला झाले आणि तिथंच उभी राहिले. टँकर संपला तेव्हा मागच्या निम्म्या घागरी कोरड्या होत्या. खालच्या आळीतली एक म्हातारी, सलवारीचा पाय वर खोचून उभी होती, ती एवढंच म्हणाली, "चलो, हमारा नसीब." तिनं भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

ओटी! आमच्या बायकांची एकमेव गोष्ट, जिच्यात पुरुषांचा हात नाही. आई लेकीची भरते, जाऊ जावेची भरते, अनोळखी सवाष्ण दारात आली तरी तिचा पदर रिकामा जाऊ देत नाही. ती या माणसानं उचलली आणि तिचं रेशनकार्ड केलं. कोणाची भरली, कोणाची नाही. कोणाला पाणी, कोणाला नाही. माझ्या आयुष्यात मला इतका संताप कधी आला नव्हता. मी आयुष्यभर लोकांच्या उपकाराखाली वाकून चाललेली बाई, पण ती भरलेली घागर घेऊन मी घराकडं वळले नाही.

अव्वाच्या दुकानात जाऊन मी माझी अर्धी घागर तिच्या माठात ओतली.

"ओत," अव्वा म्हणाली, "पर माझं मत मागू नगंस." आणि डोळे पुसले.

मी तिथंच विचारलं, "अव्वा, भरलेली ओटी परत करता येते का?"

"छे. ओटी कुणी परत करतं का?"

"मग?"

अव्वा वजनाचा काटा उगाच पुसत राहिली. "तुझ्याकडं, बिलोलीकडं काय करत्यात? सवाष्ण दारी आली तर?"

"तिची ओटी भरतो."

"मग तू तिची भरलीस का?"

नव्हती भरली. देवळात सगळा कार्यक्रम त्यांचा, आम्ही नुसते पदर पसरून बसलेलो. आमच्याकडं भरून घेणं आणि भरणं, दोन्ही झाल्याशिवाय ते पुरं होत नाही. त्यांनी आमचं फक्त घेणं ठेवलं होतं. देणं आमच्याकडून करूनच घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माहेरहून आलेला एक कोरा खण काढला. तांदूळ नव्हते, ज्वारी घेतली. हळकुंड, सुपारी घेतली. देवळात मिळालेला नारळ मात्र या ओटीत ठेवला नाही, तो मुलाच्या नावानं महादेवाला वाहून आले. त्याच्याऐवजी खारीक घेतली. यांना सांगितलं नाही. मुलाला कडेवर घेतलं आणि बंगल्यावर गेले.

अंगणात माणसांचा राबता होता. झेंडे, कर्णे, चहाचे पेले. तो कार्यकर्ताही होता. वहिनीसाहेब व्हरांड्यात आल्या आणि मला बघून त्यांचा चेहरा खरोखर उजळला. मुलाचा गाल कुरवाळला. "केवढा झाला गं! बस."

"वहिनीसाहेब, तुम्ही बसा," मी म्हटलं. "तुमची ओटी भरायला आलेय."

त्या जरा थबकल्या. मग पाटावर बसल्या. बंगल्यावरची झाली तरी सवाष्ण, समोर ओटी आली तर पदर पसरावाच लागतो. मी कुंकू लावलं. ज्वारीची ओंजळ त्यांच्या रेशमी पदरात घातली. दाणे खळखळले. पदराला दोन्ही हात लावून त्या बसल्या होत्या, जशा आम्ही त्या दिवशी बसलो होतो. आणि मग मी बोलले. घरून निघाल्यापासून पाठ करत आले होते.

"वहिनीसाहेब, तुम्ही ओढ्यातून जीप घातली, त्याचं उपकार माझ्या जन्माचं. ह्या पोराला मी ते शिकवीन. तुमच्या घरी काय बी दुखलं-खुपलं तर अर्ध्या हाकेला धावत येईन. पर ते उपकार मी मताच्या पेटीत टाकणार न्हाई. ते तुमचं अन् माझं हाय. त्यात पक्ष न्हाई."

कार्यकर्ता पुढं आला. "वहिनी, काय बोलायलाव? कुणी शिकवलं हे?"

"तू गप," वहिनीसाहेब त्याला म्हणाल्या. माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत राग होता, हे मी बघितलं, आणि आणखी काहीतरी होतं, ते मला ओळखता आलं नाही.

"पाण्याचं तुम्हाला माहीत हाय का?" मी विचारलं. "ओटी भरलेल्यांना आधी, बाकीच्यांना मागं. अव्वाची घागर पायानं सरकवली."

त्यांनी कार्यकर्त्याकडं बघितलं. तो झेंड्याच्या काठीकडं बघायला लागला.

"मला माहीत न्हवतं," त्या म्हणाल्या.

नसेल. मी विश्वास ठेवला, अजूनही ठेवते. पण माहीत नव्हतं म्हणून राग कमी झाला नाही, उलट वाढला. ज्यांच्या नावानं हे सगळं चालतं, त्यांना काहीच माहीत नसतं. घागर मात्र कोरडी राहते. त्यांनी पदर सावरला, उठल्या, माझ्या मुलाच्या हातात एक बत्तासा ठेवला आणि आत गेल्या. "येत जा" म्हणाल्या नाहीत.

मतदान शाळेत होतं. अव्वा आणि मी बरोबरच गेलो. रस्त्यात ती म्हणाली, "भ्यायलीस?"

"हाव."

"मग बरंय. मी बी भ्यायलेय. पन्नासदा शिक्का मारलाय त्या खुणेवर, हाताला सवय झालीय. आज हात वळतोय का बघते."

बोटाला शाई लावली. कागद घेऊन मी पुठ्ठ्याच्या आडोशाला गेले. तिथं मुलांच्या फळ्यावर कोणीतरी मराठी महिने लिहिलेले होते. मी सगळी नावं वाचली, वरपासून खालपर्यंत, सावकाश. वाचता येत होतं म्हणून वाचली. मग जिथं वर्षानुवर्षं आमच्या घराचा शिक्का पडत आला होता, ती खूण सोडून मी वकिलाच्या खुणेवर शिक्का मारला. तो चांगला माणूस वाटला म्हणून नाही. हे लोक बदलता येतात, एवढं एकदा त्यांना कळावं म्हणून. कागदाची घडी घालताना मुलाचं तोंड डोळ्यांपुढं आलं, आणि मी ती घडी पेटीत टाकली.

मुलाला काही झालं नाही. तो आज दोन मुलांचा बाप आहे.

पण ते लोक बदलले नाहीत. तेच आले, आणि चांगल्या मतांनी आले. मतं मोजली त्या संध्याकाळी मिरवणूक निघाली. जीप, हलगी, गुलाल. आमच्या गल्लीतून जाताना कार्यकर्त्यानं अव्वाच्या दुकानावर मुद्दाम मूठभर गुलाल फेकला. अव्वानं डाळीच्या डब्यांवरची फडकी झटकली आणि आत जाऊन बसली. टँकर मतदानानंतर आलाच नव्हता. आडाच्या तळाला गाळ पुन्हा भेगाळायला लागला होता.

हे घरी आले ते कपाळावर, केसांत, सदऱ्यावर गुलाल घेऊन.

"तुम्ही पण?" मी म्हटलं.

"बाजारात समद्यांनी लावला. मीच कोरडा कसा राहू?" हे म्हणाले. मान खाली घालून पाटावर बसले. मग माझ्याकडं न बघता, "तू कुठं मारला शिक्का, ते मला सांगू नगं."

"सांगत न्हाई," मी म्हटलं. "आधी तोंड धुऊन या."

हे उठले, रांजणाचं झाकण उचललं, आत वाकून बघितलं आणि झाकण परत ठेवलं. तसेच गुलाबी कपाळानं येऊन ताटावर बसले.